काच बसवणारा याकोब

याकोब फार चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. माणूस नजरेआड झाला की लोक त्याला लगेच देवमाणूस करून टाकतात, ते मला जमत नाही. तो हेकट होता, दुसऱ्याचा वेळ खायचा, आणि रोज सकाळी पाणी शिंपडून माझं पोतं भिजवायचा. पण मोबाईलवर त्याच्यासारखी स्वच्छ काच बसवणारा मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्याइतका एकटा माणूसही पाहिला नाही. त्याच्या बाबतीत माझ्या तोंडून एक गोष्ट गेली. तो प्रकार कुणाला सांगितलेला नाही, म्हणून लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंतची. जसं येतं तसं लिहिते.

श्रीरामपूरच्या एसटी स्टँडबाहेर एक लांब भिंत आहे. तिच्या कडेला मी पेरू घेऊन बसायचे. पुणतांब्याहून सकाळी यायचं, पाटी विकायची, दुपारी परत जायचं. नवरा गेल्यावर गरज म्हणून सुरू केलं. पुढे मुलगा कमवायला लागला तरी सोडलं नाही. घरात दिवसभर भांड्यांचा आवाज ऐकत बसण्यापेक्षा रस्त्यावर माणसं बघत बसणं बरं.

याकोब माझ्या डाव्या हाताला, दोन पावलांवर. एक लाकडी टेबल, वर काळी छत्री, टेबलामागे तो आणि टेबलापुढे गिऱ्हाइकाला बसायला एक लाकडी खोकं. त्या भिंतीला मोबाईलचं सामान विकणारे आणखी तिघे-चौघे होते. ते कव्हर, चार्जर, कानात घालायच्या वायरी, सगळं ठेवायचे. याकोब फक्त काच. लोक विचारायचे, "काका, कव्हर न्हाई का?" तो मान हलवायचा आणि शेजारच्याकडे बोट दाखवायचा. त्यामुळे शेजारच्यांशी त्याचं कधी भांडण झालं नाही. मैत्रीही झाली नाही.

आधी त्याचं फोटो फ्रेम करायचं दुकान होतं. लग्नाचे फोटो, देवांचे, येशूचे, आणि घरात कुणी गेलं की त्या माणसाचे. फोटो पुठ्ठ्यावर खळीने चिकटवायचा, तोही फुगा न येता, आणि वर काच. निम्म्या गावाचे मेलेले लोक त्याच्या हाताखालून गेले होते. मग लोक फोटो मोबाईलमध्येच ठेवायला लागले आणि फ्रेमा तयार मिळायला लागल्या. दुकान सुटलं. त्याची बायको दुकान सुटायच्या आधीच काविळीने गेली होती, मूल नव्हतं. चर्चच्या मागच्या आळीत एक खोली होती, तिथे तो झोपायला जायचा. राहायचा तो भिंतीपाशी.

त्याची काच बसवायची रीत सांगते, कारण ती मी हजारदा पाहिली आहे.

सकाळी आला की पहिलं काम म्हणजे नळावरून बाटली भरायची आणि टेबलाच्या चारी बाजूंनी पाणी शिंपडायचं. बायका दारात सडा टाकतात तसं. स्टँडवर एसटी आत-बाहेर करते, धूळ उडते, आणि काचेचा वैरी तो एकच. ते पाणी उतारानं माझ्याकडे यायचं.

"याकोब, माझं पोतं भिजलं."

"पेरू धुऊन निघत्याल आक्का."

"पेरू वर हायेत. खाली मी हाय."

रोज हेच. वर्षानुवर्षं.

अंगात कायम अर्ध्या बाहीचा शर्ट, थंडीतसुद्धा. लांब बाहीचे धागे गळतात म्हणायचा. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला खोक्यावर बसवायचा. उभ्या माणसाचं काम करायचा नाही. "बसा. घाई आसंल तर शेजारी जा." मग मोबाईल घ्यायचा, जुनी फुटलेली काच कोपऱ्यातून उचलून काढायचा, आणि पुसायला लागायचा. आधी स्पिरिटची ओली पट्टी, मग कोरडं फडकं, मग चिकट पट्टी दाबून दाबून उचलायची. मोबाईल तिरका धरून उजेडात बघायचा. एवढासा कण दिसला तरी परत पहिल्यापासून.

आता ज्या काचा येतात त्या मोबाईलचं सगळं तोंड झाकणाऱ्या. कडेला काळी पट्टी असते, वर कॅमेऱ्याचं भोक. एका केसाएवढी सरकली तरी डोळ्याला खुपते. पूर्वीच्या काचांना फक्त कडेला गोंद असायचा, त्या मधे पोकळ राहायच्या. याकोब त्या ठेवायचाच नाही. पूर्ण गोंदाचीच काच. ती बसवायला अवघड, कारण एकदा टेकली की टेकली.

काचेच्या पाठचा कागद सोलायच्या आधी तो स्टँडच्या फाटकाकडे बघायचा. एसटी आत येत असली तर थांबायचा. एसटी गेली, धूळ खाली बसली, की कागद सोलायचा आणि श्वास धरायचा. खरंच धरायचा. वरच्या कडेनं काच जुळवायची आणि हात सोडून द्यायचे. मग काचेच्या मध्यावर एक बोट टेकवायचं, नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. तिथून काच आपोआप चिकटत कडेपर्यंत जायची. फरशीवर सांडलेलं पाणी पसरतं तशी. बसलेला माणूस पुढे वाकून बघायचाच. मीही बघायचे, पेरू मागणारं कुणी उभं असलं तरी.

"काच आपण चिकटवत न्हाई," तो श्वास सोडून म्हणायचा. "ती तिची तिची बसती. आपण फकस्त मधी यायचं न्हाई."

हे वाक्य तो प्रत्येकाला ऐकवायचा. मला पाठ झालं होतं आणि कंटाळाही आला होता.

दुसऱ्यांकडे हे काम दोन मिनिटांत व्हायचं. याकोबला पाव तास लागायचा. त्यातला निम्मा वेळ गप्पांत जायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "घरी कोण कोण असतं?" आणि दुसरा, "आज भाजी काय हुती?" कलेक्टर येऊन बसला असता तरी त्याला भाजी विचारली असती. लोक आधी बिचकायचे, मग सांगायचे. मेथी, शेवगा, डाळवांगं. कुणी बाई सांगता सांगता कसं केलं तेही सांगायची. याकोब मान हलवत पुसत राहायचा. दुपारी स्वतः चहात पाव बुडवून खायचा आणि मला सांगायचा, "आज तिघांकडं वांगं हाय." दुसऱ्याच्या घरची भाजी ऐकून तो पाव खायचा.

मी एकदा डब्यातली भाजी पुढे केली तर नको म्हणाला. "खाऊन काय करू आक्का? नुसतं इचारलेलं बरं असतं."

मला राग आला. परत दिली नाही.

पाथर्डीकडच्या एका बाईची गोष्ट सांगते. ऊसतोडीचा हंगाम संपला की तिकडची माणसं गाड्या बदलायला स्टँडवर उतरायची. पोती, भांडी, कोंबड्या, सगळा संसार बरोबर. त्यातली एक बाई मोबाईल घेऊन आली. कुठल्याशा बाजारात कुणीतरी जाड काच ठोकून दिली होती, आणि तिच्या बोटांना मोबाईल ओळख देत नव्हता. सहा महिने कोयता धरून बोटं अशी झाली होती की कातडी कुठली आणि चीर कुठली ते कळत नव्हतं. पोरी गावाकडे आजीजवळ. फोन आला तर उचलता येत नव्हता, दुसऱ्याला उचलून द्यावा लागायचा.

याकोबनं ती काच काढली. पातळ काच लावली. मग मोबाईलमध्ये कुठेतरी जाऊन काहीतरी वाढवलं, म्हणाला आता हलकं बोटसुद्धा चालंल. बाईनं बोट टेकवलं, हललं नाही. पदरानं बोट पुसून परत टेकवलं, तेव्हा हललं. तिनं लगेच घरी फोन लावला, चेहरा दिसणारा. पडद्यावर एक सहा-सात वर्षांची पोर आली आणि पडलेला दात दाखवायला लागली. बाई बघतच राहिली.

याकोब पलीकडून म्हणाला, "भाजी काय केली इचारा."

बाईनं विचारलं. पोर म्हणाली, "पिठलं."

दुपारपर्यंत याकोब जो येईल त्याला सांगत होता, "पाथर्डीला आज पिठलं हाय." माणूस किती रिकामा असला म्हणजे त्याला एवढ्यावर दिवस काढता येतो, हे मला तेव्हा कळलं.

त्या बाईची काच मी पाहिली होती. आरशासारखी. तिकडच्या लोकांच्या काचेत त्यानं कधी बुडबुडा राहू दिला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे.

बुडबुडा राहायचा तो गावातल्या लोकांच्या काचेत. सगळ्यांच्या नाही, काहींच्या. एका रिटायर पोस्टमनच्या राहायचा. कापडाच्या दुकानातल्या मुनीमजींच्या राहायचा. आणि शैला सिस्टर म्हणून सरकारी दवाखान्यात एक नर्स होत्या, त्यांच्या तर नेहमीच. तांदळाच्या दाण्याएवढा, खालच्या एका कोपऱ्यात. याकोब मोबाईल परत देताना म्हणायचा, "एक राहिलाय. आपोआप जाईल. न्हाई गेला तर उद्या या, काढून देतो."

तो जायचा नाही. दुसऱ्या दिवशी माणूस यायचा, खोक्यावर बसायचा. याकोब दोऱ्यानं कोपरा उचलायचा, आतला कण चिकट पट्टीनं ओढायचा, काच परत सोडायचा. त्याचे पैसे घ्यायचा नाही. पाव तास गप्पा. शैला सिस्टर तर कधी कधी तिसऱ्या दिवशीही यायच्या. बडबड्या बाई. दवाखान्यातलं सगळं सांगायच्या. त्या यायच्या त्या दिवशी याकोब दाढी करून यायचा, हे मी बघितलं होतं. वाईट अर्थानं घेऊ नये. माणूस बोलायला येणार म्हणून दाढी केली, एवढंच.

माझे डोळे लांबचं चांगलं बघतात. एके दिवशी सिस्टर बसल्या होत्या, याकोब पुसत होता. मोबाईल तिरका धरून त्यानं बघितलं. खालच्या कोपऱ्यात पांढरा कण होता, मला माझ्या जागेवरून दिसला. त्यालाही दिसला. त्याची नजर तिथे थांबली. मग त्यानं श्वास धरला आणि काच सोडली.

सिस्टर गेल्यावर मी म्हणाले, "तुला कण दिसला हुता."

"व्हय."

"मग?"

"मग काय? सिस्टर उद्या येतील."

एवढं सरळ सांगितलं. मी म्हणाले, "लोकांचा वेळ खातोस याकोब."

"पाव तास खातो आक्का. बाकीचा दिस त्यांचाच हाय की."

"बोलायलाच माणूस पायजे तर मी हाय ना हितं. मी काय मुकी हाय?"

तो हसला. "तू काय, तू हायेसच."

हे मला चांगलं म्हणून बोलला की वाईट म्हणून, ते मी अजून ठरवलेलं नाही. माझ्या मोबाईलवर त्यानं दोनदा काच बसवली होती. एकदाही बुडबुडा राहिला नव्हता.

आता माझी गोष्ट. शैला सिस्टर एकदा दवाखान्यातून जाता जाता माझ्याकडे पेरू घ्यायला थांबल्या. रविवार होता, याकोब चर्चला गेलेला. त्याच्या रिकाम्या टेबलाकडे बघून त्या म्हणाल्या, "याकोबकाका थकले आता. दर वेळी बुडबुडा राहतो. हात पूर्वीसारखा राहिला नाही. पुढच्या वेळी समोरच्या दुकानात जावं म्हणते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्याच्या हाताखालून केसाएवढी काच सरकत नाही, त्याला ही बाई थकला म्हणते. मी पेरू तोलता तोलता म्हणाले, "थकला बिकला काय न्हाई सिस्टर. त्यो मुद्दाम ठेवतो."

"मुद्दाम?"

"तुमी परत याव्या म्हणून. बोलायला माणूस न्हाई त्याला."

मला वाटलं, बाईला बरं वाटेल. हातात कसब आहे हेही कळेल. सिस्टरनी पेरू पिशवीत टाकले आणि गेल्या. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता. आपल्याशी कुणीतरी इतके दिवस काहीतरी केलं आणि आपल्याला पत्ता नव्हता, असं माणसाला झालं की जसा होतो तसा. एकट्या बाईला परत परत बोलावणारा पुरुष, हे त्यांच्या मनात आलं असेल, तर त्यांचा दोष नाही. मी तो विचार केलाच नव्हता.

त्या परत आल्या नाहीत. आठ-दहा दिवसांत पोस्टमनही यायचे थांबले. मुनीमजी एकदा समोरून जाताना याकोबकडे बघून हसले, बोट हलवून म्हणाले, "काय काका, फुगे कसे चाललेत?" आणि गेले. लहान गावात गोष्ट कशी फिरते ते मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून मी बोलले.

त्या दिवशी दुपारी याकोबनं पाव खाऊन हात पुसले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आक्का, तू कुणाला बोललीस का?"

"व्हय. सिस्टरला."

"कधी?"

"रविवारी. तू चर्चला गेल्तास. ती तुला थकला म्हणाली, म्हणून बोलले."

तो टेबल पुसायला लागला. मग म्हणाला, "थकला म्हणली तर काय बिघडलं हुतं?"

मी पाटीतले पेरू उगाच परत रचायला लागले. 

रागावला नाही, भांडला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी शिंपडलं, माझ्या बाजूला हात आखडून शिंपडलं. पोतं कोरडं राहिलं. मला ते बरं वाटलं नाही.

त्यानंतर त्याच्या हातून एकही बुडबुडा राहिला नाही. गावातला असो, बाहेरचा असो, काच अशी बसायची की नखानं कड शोधावी लागावी. लोक मोबाईल उजेडात धरून बघायचे, वा म्हणायचे, उठायचे आणि जायचे. उद्या यायचं कारणच नव्हतं. घरी कोण असतं हे तो अजून विचारायचा. भाजी विचारायचं त्यानं सोडलं.

मी अधून मधून काहीतरी बोलायचे. पेरू महाग झाले, गाडी उशिरा आली, सून अशी म्हणाली. तो हं म्हणायचा. आमच्या दोघांत दोन पावलांचं अंतर होतं ते तेवढंच होतं, पण बोलणं तिथपर्यंत पोचत नव्हतं.

मग थंडी आली आणि त्याचा हात हलायला लागला. आधी मला वाटलं गारठ्यानं. अर्ध्या बाहीचा शर्ट, दुसरं काय होणार. पण उन्हातही हलायचा. काचेच्या पाठचा कागद सोलायला एक बारीक शेपूट असतं, ते त्याच्या चिमटीत येईना. तो हात मांडीखाली दाबून थोडा वेळ बसायचा, मग परत धरायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं हा एसटी जायची वाट बघतोय. मला कळत होतं.

"डाक्टरला दाखव."

"दाखवलं."

"काय म्हणला?"

"वय झालं म्हणला."

वय त्याचं बासष्टच्या आसपास. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. मी अजून पाटी डोक्यावर घेत होते.

ट्रॅक्टरच्या शोरूममधला एक कारकून त्याच्याकडून काच बसवून घेऊन गेला. मोठा, महागाचा मोबाईल. काच वाकडी बसली, आणि मधोमध एक बुडबुडा, चांगला रुपयाएवढा. याकोब म्हणाला, "एक राहिलाय. उद्या या, काढून देतो." तेच जुनं वाक्य. पण ह्या वेळी ते म्हणताना त्याची मान खाली होती.

मला वाटलं हा काही येत नाही. पण तो आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच, एका मित्राला घेऊन. इतक्या दिवसांनी याकोबकडे कुणीतरी परत आलं होतं. याकोबनं खोकं फडक्यानं पुसलं.

"बसा साहेब."

"बसत न्हाई काका," कारकून म्हणाला. मित्राकडे बघून डोळा मारला. "तुमची गंमत म्हाईत हाय आमाला. गप्पा मारायला बोलावता ना? चला, मारा गप्पा, पण हुभ्यानं. आमच्याकडं आज शेपूची भाजी हाय. झालं? आता काढा ह्यो फुगा."

मित्र हसला. याकोबनं मोबाईल घेतला, दोरा घेतला, आणि कोपऱ्याखाली घालायला लागला. दोरा जाईना. दोऱ्याचं टोक काचेच्या इकडं तिकडं नुसतं नाचत होतं. त्यानं डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं. तरी नाचत होतं. फाटकातून एक एसटी बाहेर निघाली, धूळ आली, आणि तो थांबला नाही. पहिल्यांदाच थांबला नाही. कोपरा उचलला गेला तो तडकूनच.

मी उठून गेले. म्हणाले, "दे इकडं, मी धरते मोबाईल."

"तू बस आक्का," तो म्हणाला.

कारकुनाचं हसणं थांबलं होतं. त्याला हात दिसला होता. तो आता खोक्यावर बसला, आपण होऊन, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "राहू द्या काका. चालतंय एवढं. काय बिघडत न्हाई."

"दुसरी काच घालून देतो."

"नको काका. राहू द्या. खरंच."

त्यानं याकोबच्या हातातून मोबाईल हळूच काढून घेतला, लहान पोराच्या हातातून काढतात तसा. मित्राला घेऊन गेला. थट्टा करत होता तोवर याकोबनं सगळं ऐकून घेतलं होतं. ही दया त्याला सोसली नाही. तो बराच वेळ समोरच्या रिकाम्या खोक्याकडे बघत बसला. मग सामान आवरलं. फोटोच्या धंद्यापासूनची एक गुळगुळीत लाकडी पट्टी होती, काचेखालची हवा कडेला सारायची, ती खिशात घातली. छत्री मिटली. मला म्हणाला, "येतो आक्का." रोज असंच म्हणायचा, त्यामुळे मला वेगळं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आला नाही. नंतरही नाही. टेबल चार दिवस तसंच होतं, मग कुणीतरी ते भिंतीच्या टोकाला सरकवलं आणि त्या जागेवर मोजे विकणारा बसायला लागला.

मी त्याच्या खोलीवर गेले का? नाही गेले. चहावाल्याकडून निरोप पाठवला, कसा आहेस म्हणून. उलटा निरोप आला, बरा आहे. जाऊन काय बोलणार होते? माफी मागायची मला सवय नाही, आणि मागितली असती तर त्यानं मान हलवली असती, एवढंच. चर्चच्या मागची आळी स्टँडपासून फार लांबही नाही. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण त्या वेळी एवढे दुखत नव्हते.

शेवटचं दिसला ते सांगते. उन्हाळा लागला होता. पाटी लवकर संपली होती आणि मी गाडीची वेळ होईपर्यंत सावलीला उभी होते. रस्त्याच्या पलीकडे मोबाईलचं मोठं दुकान आहे, पुढून सगळं काचेचं, आत गारवा. तिथे काच बसवायला प्लास्टिकची चौकट आहे. मोबाईल चौकटीत ठेवायचा, वरून झाकण दाबायचं, एक शेपूट ओढायचं, झालं. हात हलला काय नि नाही हलला काय, काच वाकडी बसतच नाही. मिनिटभराचंही काम नाही.

आत याकोब बसला होता, उंच स्टुलावर, गिऱ्हाइकाच्या जागी. दाढी केलेली. समोर गल्ल्यावर त्याचा नवा टच मोबाईल, कधी घेतला होता कुणास ठाऊक. दुकानदार चाळिशीचा माणूस, भराभर काम करणारा. त्यानं चौकट लावली, शेपूट ओढलं, मोबाईल पुसून याकोबच्या पुढे ठेवला. याकोबनं तो घेतला नाही. काहीतरी विचारलं. दुकानदार हसला, बोलला. याकोब पुढे वाकून ऐकत होता, मान हलवत होता. हात त्यानं दोन्ही मांड्यांखाली घातले होते. मग त्यानं आणखी काहीतरी विचारलं. आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता.

रस्ता ओलांडून जाता आलं असतं. मी पाटी काखेत घेतली आणि तिथेच उभी राहिले.

दुसरं गिऱ्हाईक आत गेलं. दुकानदारानं त्याचा मोबाईल हातात घेतला, त्याच्याशी बोलायला लागला. याकोबचं काम झालेलं होतं, आता उठायचंच राहिलं होतं. तो उठला नाही. त्यानं आपलं स्टूल भिंतीकडे सरकवलं, नव्या माणसाला उभं राहायला जागा केली, आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसून राहिला.